झाकणावरचं पाणी

भाजी कशी परतावी हे मला कुणी शिकवू नये. मोठी आच, लोखंडी कढई, दोन चमचे करडईचं तेल आणि कोरडी भाजी. कोरडी म्हणजे धुऊन सुती पंचावर तासभर पसरलेली. गाजर आणि घेवडा आधी, मग पत्ताकोबी, मग सिमला मिरची, सगळ्यात शेवटी कांद्याची पात. मीठ उतरवताना, कारण ते आधी पडलं की भाजी पाणी सोडते. वरून भाजलेले तीळ, मिरेपूड, लिंबू. आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. दाताखाली आवाज आला पाहिजे. नाही आला तर ती माझी भाजी नव्हे.

ही भाजी मी दादांसाठी करायला घेतली. दादा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहक होते, निवृत्त झाल्यावर गंगापूरच्या घरात आईसोबत राहिले. आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, तरी ते तिथून हलेनात. सकाळी शेजारून डबा यायचा आणि संध्याकाळी ते चहात टोस्ट बुडवून भागवायचे. मी इकडे शहरात, गारखेड्यातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. त्यांचं रक्त मीच काढलं आणि मीच तपासलं. साखरेचा आकडा पाहून मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. मशीन ठणठणीत होतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, जेवण सुधारायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. आईच्या वेळी मला उशीर झाला होता. या खेपेला मी कुणाला विचारलं नाही, दादांना सरळ घरी घेऊन आले.

"आठ दिस राहतो," बॅग दाराशी ठेवत ते म्हणाले. "मंग जाईन."

"तीन महिने," मी म्हणाले.

"बघू."

बॅग त्यांनी दाराशीच राहू दिली. मी दोनदा आत नेऊन ठेवली, दोनदा ती परत दाराशी आली. माझा नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टवर जातो आणि पुढ्यात येईल ते गुमान खातो, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. काळजी या बॅगेची होती.

आमच्या भागात शनिवारी सकाळी शेतकरी आपला माल घेऊन बसतात. पहिल्याच शनिवारी दादांना घेऊन गेले. त्यांनी घेवड्याची शेंग कानाशी धरून मोडली. कट्ट आवाज आला तशी म्हणाले, "ही घे. बाकीची कालची हाय." विकणारी बाई हसली. "चाचा लई पारखी हायेत," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा मी दादांना खुशीत पाहिलं. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

संध्याकाळी कढई तापवली, लसूण टाकला, गाजर-घेवडा पडला. झकास चर्र आवाज झाला. इतक्यात दूधवाल्याने बेल वाजवली. मी दूध घेऊन परतले तर कढईवर ताटली, आणि ताटलीत पाणी! आपल्याकडे घरोघरी भाजी अशीच शिजते. वरच्या पाण्याने वाफ आत कोंडते, भाजी करपत नाही आणि तेच गरम पाणी लागलं तर भाजीत ओततात. पद्धत वाईट नाही. पण माझ्या भाजीचा तिने लगदा केला.

"दादा, हे कुणी केलं?"

"उघडी भाजी शिजती का कुठं?" ते म्हणाले.

मी शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी लिंबू आणायला फ्रिजकडे वळले तेवढ्यात पुन्हा ताटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पालथ्या घड्यावर पाणी! भाजीचा गाळ झाला की ते दोन घास खाऊन उठायचे. म्हणायचे, "चव नाय." चव कुठून असणार? साखर मोजायचे दिवस जवळ येत होते आणि माणूस जेवतच नव्हता.

मग मीही हट्टाला पेटले. घरातली झाडून सगळी झाकणं, ताटल्या, परात उचलून माळ्यावर टाकली. आता ठेवा म्हटलं काय ठेवायचं ते. त्या संध्याकाळी लॅबमधून फोन आला म्हणून मी दोन मिनिटं बाहेरच्या खोलीत गेले. आत आले तर कढईवर देवघरातलं ताम्हन, आणि त्यात पाणी.

माझा तोल गेला. "दादा, अहो देवाचं ताम्हन आहे ते! किती वेळा सांगायचं? जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, हेच खरं!"

बोलले आणि जीभ चावली. पंचाने धरून दादांनी ताम्हन उतरवलं, पाणी मोरीत ओतलं, ताम्हन घासलं, पुसलं आणि देवघरात जिथल्या तिथं ठेवलं. मग दाराशी जाऊन चप्पल शोधू लागले.

"कुठं निघालात?"

"जातो घरी. साडेसातची गाडी भेटंल."

मी बॅगेचा बंद धरून उभी राहिले. लहानपणी हट्ट करताना धरायचे तसाच. शेवटी मी खरं तेच बोलले. "दादा, मला भीती वाटते. आई गेली, आता तुम्हीपण नका जाऊ."

ते खुर्चीत बसले.

"माय, मी मुद्दाम नाय करत," ते म्हणाले. "तुझी आई भाजी टाकायची आन् हाक द्यायची. अहो, पाणी ठेवा. मी कुठंबी असलो तरी येऊन पाणी ठेवायचो. सैपाकातलं माझं तेवढंच काम. आता चर्र झालं की हात आपोआप जातो. मला वाटतं, हाक आली आसंल, आपल्यालाच ऐकू नाय आली."

आयुष्यभर या माणसाने गाडीत लोकांना हाका मारल्या होत्या. घरात त्यांना हाक मारणारी एकच होती, आणि मी इकडे झाकणं लपवत बसले होते. मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. तरीही सांगते, झाकणाच्या बाबतीत मी बरोबरच होते आणि अजून आहे.

दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या ताटल्या माळ्यावरून खाली काढल्या. चिरलेली भाजी एकेका ताटलीत ओट्यावर ओळीने मांडली. कढई तापली. दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. लसूण टाकल्याबरोबर मी जोरात हाक मारली, "दादा, गाजर टाका!"

ते धावतच आले. पेपर हातातच होता. गाजर टाकलं, घेवडा टाकला, मी उलथन्याने वरखाली करत राहिले. "दादा, कोबी! दादा, मिरची! आता पात!" ही भाजी एकट्याने करायची नाहीच मुळी, एकाने परतायचं आणि दुसऱ्याने टाकायचं, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली. "कच्चीच हाय जरा," म्हणाले, "पण ग्वाड लागती."

बॅग कधी आत गेली, मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी आकडा खाली आला. डॉक्टर गोळ्यांना श्रेय देतात, मी भाजीला देते. आमचं भांडण नाही.

परवा लॅबमध्ये गर्दी होती, मला घरी पोचायला तासभर उशीर झाला. दार उघडं होतं. ओट्यावर ताटल्या ओळीने लावलेल्या, गाजर, घेवडा, कोबी, मिरची, पात. कढई शेगडीवर, शेजारी वाटीत मोजून काढलेलं तेल. गॅस बंद. दादा स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते.

"अहो, सगळं तयार आहे तर करून जेवायचं ना! भूक नाही लागली?"

"लागली की."

"मग?"

"हाक कोण मारंल?" ते म्हणाले.

मी पर्स खांद्यावरच ठेवली आणि गॅस पेटवला.