पंखे, गीझर आणि सुभेदारीण

मांजराचे केस आणि मांजरवाल्यांचे किस्से कितीही झटका, अंगावर उरतातच. केसांना निदान ब्रश आहे. किश्शांना उपाय एकच, चहा टाकायचा आणि सांगून मोकळं व्हायचं!

मी जनावरांची डॉक्टर, मूळची सांगलीची. नवरा फौजेत, त्यामुळे सध्या मुक्काम चंडीमंदिरला आणि दवाखाना चंडीगढमध्ये. बदलीमुळे इकडे येऊन पडलेल्या मराठी बायका शनिवारी माझ्याकडे जमतात. जवळपास प्रत्येकीच्या घरी मांजर, आणि तेही बहुतेक मादीच. शेजाऱ्यांना वाटतं आमची भिशी आहे. भिशी कसली, प्रसूतिगृह आहे ते!

*

शिंदेवहिनी कोल्हापूरच्या. मेजर शिंद्यांना क्वार्टर मिळालं, तेव्हा जाणाऱ्या कुटुंबाने रिवाजाप्रमाणे एकेक गोष्ट दाखवत ताबा दिला.

"पंखे सब ठीक. गीजर एक खराब. और ये बिल्ली जी."

वहिनी उडाल्याच. "बिल्ली भी क्वार्टर की है?"

"हां जी, हमें भी क्वार्टर के साथ ही मिली थी."

"ऑपरेशन हुआ है इसका?"

"पक्का हुआ होगा जी. हमसे पहलेवालों ने करवाया होगा."

साहेब येतात, साहेब जातात, ही जागची हलत नाही, म्हणून वहिनींनी तिचं नाव ठेवलं सुभेदारीण.

*

एका सकाळी मेजरसाहेब दवाखान्यात घुसले, मागोमाग वहिनी. हातात इस्त्रीचा बोर्ड, बोर्डवर टॉवेलने बांधलेली सुभेदारीण. लढाईत जखमी झालेल्या जवानाला आणावं तसं आणलं होतं!

"डॉक्टर, हिचा मणका गेलाय! सकाळपासून गडाबडा लोळतेय, मागचं अंग वर करून टाहो फोडतेय."

मी पाठीवरून हात फिरवला. सुभेदारीणबाईंनी लगेच शेपटी बाजूला केली.

"मेजरसाहेब, मणका शाबूत आहे. हिला नवरा हवाय!"

साहेबांचे कान लाल. वहिनींचं डोकं मात्र भलतीकडे चाललं. "म्हंजे ऑपरेशन झालंच न्हाई की हिचं!"

बरोबर पकडलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "माजावर येणं हा आजार नाही. पण माज ओसरल्यावर पुढचे काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. मांजर घटाघटा पाणी प्यायला लागलं, जेवण टाकलं, पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. मागून काही गळताना दिसेलच असं नाही. कधी तो आतच कोंडतो, कधी मांजर चाटून साफ करतं. तशी वेळ आली तर उद्यावर ढकलायचं नाही. आणि ती येऊच नये म्हणून माज ओसरला की हिला ऑपरेशनला आणा."

"आणतो की," वहिनी म्हणाल्या. पण त्याच आठवड्यात मेजरसाहेबांची पोस्टिंग आली. साहेब म्हणाले, "आता राहू दे. पुढचे करतील."

*

देशपांडेकाकू नागपूरच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, घर विमानतळाजवळच्या एअरोसिटीत. त्यांच्या मांजरीला दोन पिल्लं झाली आणि काकू टोपलीसकट माझ्याकडे हजर. सोबत डब्यात अळिवाचे लाडू!

"डॉक्टर, हिच्या कळाच थांबल्या न बाप्पा! पोटात अजून पिल्लं हायेत."

मांजर पिल्लांना चाटत मजेत घुरघुरत होती. मी म्हटलं, "काकू, ती विश्रांती घेतेय. जोर तुम्हीच लावताय!"

मग समजावून सांगितलं. मधे थांबून निवांत पडली, तर तिला पडू द्यायचं. पण अर्धा तास सपाटून जोर लावतेय आणि पिल्लू येत नाही, तर पळायचं. तिसरं पिल्लू संध्याकाळी घरीच झालं. लाडू मी खाल्ले.

*

पिल्लं अंगावर पीत होती त्या दिवसांतलीच गोष्ट. काकू बाजारातून आल्या तर काकांनी मांजरीला रजईत गुंडाळून ठेवलेलं.

"थरथरून राहिली ना ती. थंडी वाजत असंल," काका म्हणाले.

"अहो, मे महिना हाय! तुम्ही स्वतः कूलरपुढं बनियनवर बसले!"

काकूंनी रजई फेकली, पिल्लं बाजूला केली आणि मांजर घेऊन थेट माझ्याकडे. दुधापायी अंगातलं कॅल्शियम उतरलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, तशी थरथर थांबली. काकांना अजून कोणी रजई देत नाही.

*

एवढ्यावर काकू थांबतील तर नागपूरच्या कसल्या! शेजारच्या पंजाबी कुटुंबाची मांजर अडली. घरमालक आरामात म्हणत होते, "नॅचरल है जी, हो जाएगा."

मला काकूंचा फोन. "अर्धा तास झाला, सारखी जोर करून राहिली. हिरवट पाणी गेलं, पिल्लू एक नाही. मी ओढलं नाही हं! निघालो आम्ही. टेबल तयार ठेवा."

पिल्लू आडवं आलं होतं. पोट उघडावं लागलं. आई वाचली, पिल्लंही वाचली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी तो फोन अजून शब्दन्शब्द सांगते, की निरोप असा द्यायचा असतो. आमच्या या बायकांचा मला भलता अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही!

*

आता शेवटचा.

पोस्टिंग आल्यावर महिन्याभराने शिंद्यांचा जायचा दिवस उजाडला. सामान ट्रकमध्ये चढलेलं, घरची गाडी आधीच पुढे रवाना झालेली. नवं कुटुंब ताबा घ्यायला आलेलं. सुभेदारीण मोरीतल्या बादलीवर वाकून पाणी पीत होती. पीतच होती.

"पोट किती सुटलंय हिचं," मेजरसाहेब म्हणाले. "पॅकिंगवाल्यांनी लाडावून ठेवलीय."

नवी बाई कौतुकाने म्हणाली, "प्रेग्नंट होगी! हाऊ स्वीट!"

वहिनी हातातली किल्ली धरून तशाच थांबल्या. "काल माशाला तोंड लावलं न्हाई हिनं. आन पाणी बघा कसं पितीया."

मेजरसाहेब घड्याळ बघत होते. "अगं, यांना ताबा तर देऊ. मग हे बघतील."

"हे बघतील म्हणत म्हणतच ही इथवर आली!" वहिनींनी मिक्सरचं खोकं रिकामं केलं, सुभेदारणीला आत ठेवलं आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढल्या. "सरदारजी, चलो! अस्पताल!"

माझ्या दारात शिंद्यांचा अख्खा संसार येऊन उभा राहिला. पाठोपाठ टॅक्सीतून मेजरसाहेब आणि नवं जोडपं. गर्भाशय पुवाने टच्च भरलं होतं, कुठल्याही क्षणी फुटलं असतं. काढेपर्यंत माझ्या कपाळावरचा घाम सुकला नाही. बाहेर वहिनी खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मेजरसाहेबांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

सुभेदारणीने डोळे उघडले, माझ्यावर फिस्स केलं, तेव्हा कुठे वहिनी रडल्या. मग पदराने तोंड पुसलं, नव्या बाईला जवळ बोलावलं आणि तिच्या हातावर किल्ली ठेवली.

"पंखे सब ठीक. गीजर एक खराब. और ये बिल्ली. ऑपरेशन हमने करवाया है जी!"