नायिकेला शहाण्णव गुण

आमच्या गुरुजींइतका न्यायी माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मत मूळचं खुद्द गुरुजींचं. पण त्यांनी ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते आमचंही झालंय. आमगावच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली, मात्र गुण द्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. ते प्रत्येक गोष्टीला शंभरापैकी गुण देतात. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून विचारतो, ‘‘जेवण कसं झालं, गुरुजी?’’ आणि गुरुजी ताक पिता पिता सांगतात, ‘‘बासष्ट. वरणात मीठ कमी होतं, भात मात्र पहिल्या श्रेणीतला.’’ गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेचे परीक्षक म्हणून त्यांनी काकूंना, म्हणजे स्वतःच्या धर्मपत्नीला, शेवटून दुसरा नंबर दिला आणि पुढचे तीन दिवस मुकाट्याने चुरमुऱ्यांवर काढले. एका शोकसभेत तर त्यांनी स्वर्गवासी झालेल्या माणसाला एकाहत्तर गुण जाहीर केले, त्यातही ‘‘सहानुभूतीचे पाच धरून’’. मयताच्या मुलानं पाया पडून विचारलं, ‘‘फर्स्ट क्लास आहे न जी?’’ तेव्हा कुठे सभा शांततेत संपली.

दर रविवारी दुपारी गुरुजींच्या ओसरीवर वाचन असतं. आम्ही सहा-सात जण जमतो. त्यात एक राइस मिलवाले सेठजी आहेत, जे गोष्टीत लग्न जमलं की खिशातून बडीशेप काढून सगळ्यांना वाटतात. मी आहे, तहसील कचेरीतली कारकून आणि गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. वाचायची पुस्तकं बदलत असतात, पण दोन-तीन वर्षांतून एकदा गुरुजी त्यांची आवडती कादंबरी काढतातच. जुनी, जाडजूड, पुठ्ठा निसटलेली इंग्रजी कादंबरी. गुरुजी ती डोळ्यांसमोर धरतात आणि आम्हाला सरळ मराठीच ऐकू येतं. एक अनाथ, गरीब मुलगी श्रीमंतांच्या हवेलीत म्हाताऱ्या मालकिणीची शुश्रूषा करायला राहते. मालकीण वारते. पुतण्या मृत्युपत्र दडवतो आणि मुलीला म्हणतो, कोर्टात माझ्या बाजूनं खोटं बोल, मी तुझ्याशी लग्न करतो. तिचा जीवही असतो त्याच्यावर. तरी ती खरं तेच बोलते, हवेलीतून हाकलली जाते, नोकराची पोर म्हणून मोठ्या घरचे लोक तिला दारात उभं करत नाहीत, आणि शेवटी त्याच लोकांना खाली मान घालायला लावते. गुरुजींच्या गुणांच्या वहीत या नायिकेला शहाण्णव आहेत. उरलेले चार तिनं प्रवासात पेटी उघडी टाकली म्हणून, निष्काळजीपणाचे कापले.

गेल्या वर्षी ही कादंबरी पुन्हा निघाली. त्या हवेलीत दूरच्या कुठल्याशा बेटावरून आणलेली एक काळी दाई आहे. पुतण्या मृत्युपत्र चुलीत घालायला निघतो तेव्हा तीच ते पळवते, परकराच्या अस्तरात शिवून ठेवते आणि नायिकेच्या हाती देते. त्यापायी ती मार खाते, तिची नोकरी जाते. तिच्या कागदामुळेच नायिका खटला जिंकते. मागच्या वेळीही मी हे ऐकलं होतं, पण या वेळी शेवटचं पान संपल्यावर सेठजी बडीशेप काढत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘गुरुजी, त्या दाईचं पुढे काय झालं?’’

‘‘कोणती दाई?’’ गुरुजी म्हणाले.

‘‘जिनं कागद वाचवला ती. तिले किती मार्क दिले तुमी?’’

गुरुजींनी मोठ्या आत्मविश्वासानं वही उघडली. नायिका, पुतण्या, वकील, पाद्री. हवेलीच्या कुत्र्यालासुद्धा इमानदारीचे अठ्ठ्याहत्तर होते. दाईच्या नावाची ओळच नव्हती. गुरुजींनी पान उलटून मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सेठजींनी समजूत घातली, ‘‘अरे गुरुजी, कहानी है! उसमें हर किसी का क्या हुआ, थोडी बताते हैं!’’ पण त्या दिवशी गुरुजींनी चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या रविवारी ते डोळे सुजवूनच बसले होते. आठवडाभरात त्यांनी ती कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत पिंजून काढली होती. म्हणाले, ‘‘त्या बाईले पुस्तकभर नावच नाही. आन् अजून एक. तिच्या हातून कागद घेतल्यावर नायिका रुमालानं हात पुसते. चाळीस वर्षं वाचून राहिलो मी हे पुस्तक, ते वाक्य मले दिसलंच नाही कधी.’’ मग त्यांनी लाल पेन उघडलं आणि नायिकेचे शहाण्णव खोडून एक्कावन्न केले. सेठजी इतके हळहळले, की त्यांची स्वतःचीच मुलगी नापास होता होता वाचली असं वाटावं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं भडकलं की ते माझं ऐकत नाही. मी म्हटलं, ‘‘नायिकेचं राहू द्या, गुरुजी. तुमचे स्वतःचे किती?’’

‘‘नव्वद तरी धर,’’ ते सहज बोलून गेले.

मग मी सांगितलं. सातवीत होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय होता ‘आमच्या गावचं तळं’. वर्गात माझ्याइतकं धडाधड बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. आमची वस्ती रुळांपलीकडची, बौद्धांची. पूर्ण वस्तीनं माझं भाषण ऐकलं होतं. माझ्या आईनं तर शेजारणीची इस्त्री आणून फ्रॉक तयार ठेवला होता. गुरुजींनी निवड चाचणी घेतलीच नाही. गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, नातवाचं नाव लिहून पाठवलं, आणि तो तिसऱ्या वाक्याला रडत स्टेजवरून खाली उतरला. सहा वर्षं मी दर रविवारी या ओसरीवर येते, काकूंच्या हातचे पोहे खाते, गुरुजींवर माझा जीव आहे. आणि हे मात्र कधी बोलले नव्हते. बोलतानाच मी मनाशी ठरवलं: आता हा माणूस ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणाला, तर इथे पुन्हा पाय ठेवायचा नाही.

सेठजींना राहवलं नाही. ‘‘मालगुजार का दबाव रहा होगा, बेटी. गुरुजी क्या करते?’’ पळवाट चांगली रुंद होती. दारात उभ्या असलेल्या काकू तेवढं म्हणाल्या, ‘‘बोला न जी आता.’’

‘‘नाही, सेठजी,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘दबाव नव्हता. मालगुजारानं एक शब्द नाही म्हटला. भेवून केलं असतं तं एक वेळ बरं झालं असतं.’’ मग माझ्याकडे वळून, पण माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘‘पोरी, तुह्यं नाव माह्या मनातच नाही आलं.’’

एवढी वर्षं मी भांडणाची पूर्ण तयारी करून ठेवली होती. भित्रा म्हणायचं, ढोंगी म्हणायचं, सगळं पाठ होतं. पण त्यातलं एकही या उत्तराला लागू पडत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

‘‘ते भाषण येते का अजून?’’ गुरुजींनी विचारलं.

‘‘येते.’’

‘‘मंग म्हण.’’

पंचेचाळीस वर्षांची मी बाई, पोह्यांची बशी खाली ठेवून उभी राहिले. आदरणीय गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, अशी सुरुवात केली. काकू पदर सावरून उंबरठ्यावर बसल्या, सेठजींनी मोबाइल बंद केला. तळं, तळ्याची पाळ, शिंगाड्याचे वेल, पाळीखालचे धानाचे बांध, सगळं क्रमानं येत गेलं. मग थंडीत येणाऱ्या पाखरांपाशी येऊन मी अडले. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. सवयीनं सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं, मीही पाहिलं. पण त्यांना पुढचा शब्द सांगता येणार कसा? त्यांनी ते भाषण कधी ऐकलेलंच नव्हतं.

‘‘सावकाश,’’ ते म्हणाले. ‘‘मी ऐकून राहिलो.’’