चोर-अलार्म आणि माझी गर्जना

कळंबच्या आमच्या घरात चोरून नेण्यासारखं काहीच नाही, तरी मी चोर-अलार्म बसवला. घरात काही हललं की भोंगा वाजणार, माझ्या मोबाइलवर चित्र दिसणार आणि मी कुठूनही बोललो तरी आवाज थेट घरात घुमणार!

"आता येऊ दे चोर!" मी बायकोला म्हणालो.

"येईल बिचारा, अन् हात हलवत जाईल," सुनंदा म्हणाली.

चोर आला नाही. पाल आली. भोंगा असा बोंबलला की समोरचे शब्बीरभाई टेलर कात्री घेऊन अनवाणी धावले. मग कॅलेंडर फडफडलं. शब्बीरभाई आले. मग पंख्याच्या वाऱ्यानं दोरीवरचा माझाच पायजमा हलला. शब्बीरभाई आले, पण चहा संपवून.

"साहेब, आता चोरच येऊ द्या. तुमच्या भोंग्यापायी गिऱ्हाइकाची बाही तिरकी कापली!"

पुढं पुतण्याच्या साखरपुड्याला आम्ही दोघं धाराशिवला गेलो. भर पंगतीत मोबाइल किंचाळला. बघतो तर आमच्या घरात एक आकृती! डोक्यावर भलंमोठं गाठोडं, तोंड त्याच्याआड. (माझी जिलबी वरणात पडली.) मी शब्बीरभाईंना फोन लावला.

"खरा चोर आलाय! बाहेरून कडी लावा!"

"पाल तर न्हाय ना?"

"पाल गाठोडं घेऊन येते का हो?"

"मग लावतोच!"

एव्हाना सगळी भावकी माझ्यामागं जमली होती. मी जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मर्दुमकी दाखवायची अशी संधी पुन्हा कुठली! मोबाइल तोंडाशी धरून मी गर्जना केली, "कोण आहे तिकडं? गाठोडं खाली ठेवा! हात वर करा! हललात तर तंगडी मोडीन!"

गाठोडं खाली आलं. दोन्ही हात वर गेले. मोबाइलवर नऊवारी लुगडं दिसलं, कपाळभर कुंकू दिसलं, भेदरलेले डोळे दिसले...

"अहो," सुनंदा थंडपणे म्हणाली, "ही माझी आई."

सासूबाई तामलवाडीहून एसटीनं नवी ज्वारी घेऊन आल्या होत्या. किल्ली सुनंदानंच देऊन ठेवलेली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अलार्मचं त्यांना! भोंगा चालूच. बंद करायचा आकडा मला आठवेना. तेवढ्यात शब्बीरभाईंचा फोन.

"साहेब, कोंडला! पन चोर बाई हाय. लेकीचं घर हाय म्हनती!"

"अहो, त्या माझ्या सासूबाई आहेत!"

पलीकडं कडी नुसती खडखडली.

"मग कडी काढू, का असू देऊ?"

संध्याकाळी घाबरत घाबरत घरी पोचलो. सासूबाई ओट्यावर बसून शब्बीरभाईंना चहा पाजत होत्या. मी थेट पाय धरले.

"आई, चुकलो. मला वाटलं..."

"असू द्या, जावईबापू. आधी लई घाबरले म्या. आवाज काय वळखला न्हाय. पन मग ध्यानात आलं..." त्यांनी शांतपणे बशीतला घोट घेतला. "चोराला अहो-जाहो करनारा मानूस आपल्यात एकच हाय!"