सतरा नंबरची दोन झाडं

टोमॅटोच्या वाणांची चाचणी करणाऱ्या आमच्या केंद्रात सव्वीस वर्षं फळं तोलणाऱ्या गृहस्थांना सगळे ग्रॅममामा म्हणत. घरीही पहिल्या घासाला ते भाजीत मीठ किती ग्रॅम कमी आहे ते जाहीर करत. बायको म्हणे, "अहो, जेवा. मी परीक्षेला बसलेली नाही."

चाचणीत चोवीस वाण, प्रत्येकाची दहा झाडं. वाफ्याच्या टोकांना जादा झाडं असतात, पण ती मोजायची नाहीत. कडेला ऊन जास्त, जागा जास्त, म्हणून ती उगाच माजतात. हा नियम मामा नव्या माणसाकडून शाळेतल्या पाढ्यांसारखा घोकून घेत.

यंदा सतरा नंबर पहिला आला. वजन भरपूर, गर घट्ट, साल न तडकणारी. गावोगावचे जुने, वेडेवाकडे टोमॅटो जमवून, त्यांचे संकर करत केंद्राच्या प्रमुख मॅडमनी तो आठ वर्षांत घडवला होता. आता बियाणं शेतकऱ्यांना द्यायचं ठरत होतं. केंद्रात आनंदीआनंद, आणि मामांची भूक गेली.

तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "मीठ बरोबर आहे का?"

"असेल."

"असेल? तुमच्या तोंडून? काय करून बसलात ते सांगा."

"सतरातली दोन झाडं मध्येच वाळली. दहा भरावीत म्हणून मी टोकाची दोन धरली."

"तुम्ही?"

"मॅडम रोज त्या वाफ्यापाशी थांबायच्या गं. मला बघवेना."

सकाळी मामांनी मॅडमना सांगितलं. त्या आधी हसल्या. मामा थट्टा करताहेत असं वाटलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कशी वाळली? पिवळी पडून, की हिरवीच मान टाकली?"

"हिरवीच."

"म्हणजे मर रोग. शेतच्या शेत झोपवतो तो, मामा. वजन चुकलं असतं तर चाललं असतं. मेलेली दोन झाडं मला हवी होती."

"मला काढून टाका, मॅडम."

"आधी फावडं घ्या. रोग आत असेल तर हिरव्या झाडाचंही कापलेलं खोड पाण्यात पांढरा स्राव सोडतं."

शेवटची तोडणी झाली होती तरी सतराचा वाफा अजून उभा होता. मामांनी एक हिरवंगार झाड उपटलं, खोड कापलं आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात धरलं. दोघं वाकून बघत राहिले. कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा पाण्यात उतरू लागला.

"पुढचं," मॅडम म्हणाल्या.