शेलाटी

तिसरीच्या वर्गात विशेषणे शिकवत होतो, तेव्हा केसरचा भाऊ तिच्या माहेराहून, कळसाडीहून आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला… मला पुढे काही विचारावे लागले नाही. त्याला आता सव्वा महिना होईल. मुलांना तो धडा मी अजून पुढे शिकवलेला नाही.

केसर माझी बायको. कापसाच्या शेतात वाढलेली, शाळेचे तोंडही न पाहिलेली. घरी आम्ही सगळे अहिराणीच बोलतो, पण मी पडलो मास्तर. पुस्तकी मराठीची भारी मिजास. लग्नाच्या पहिल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या गर्दीतून ती पदर सावरत माझ्यापुढे चालली होती. मला राहवले नाही. म्हणालो, "तू किती शेलाटी आहेस!" ती गर्रकन वळली. "लाठी? मी काय लाठी शे का?" आमच्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. तिने ऐकले होते 'शे लाठी'. भर यात्रेत नवऱ्याने आपल्याला काठी म्हटले, म्हणून तापीच्या काठापर्यंत ती बोलली नाही. मग मी समजावले, की नुसती बारीक ती रोड. बारीक असून डौलदार ती शेलाटी. "मंग हाऊ चांगला शबद शे," म्हणाली आणि खुदकन हसली. पुढे नवे लुगडे नेसली की मुद्दाम विचारायची, "मास्तर, शे ना मी लाठी?" मी खुशीत मान डोलवायचो.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या चोळ्या सैल पडू लागल्या. ती त्या बगलेत दुमडून आत नवी शिवण घालायची. संध्याकाळी अंग कोमट लागे, खोकला होताच. आई मला म्हणाली, "भाऊ, पोर सुकाई ऱ्हायनी. डाक्टरले दखाड." मी हसलो. "काही नही, शेलाटी शे ती." केसर चुलीपाशी होती. तिने ते ऐकले, आणि मला ती तशीच आवडते म्हणून दुखणे अंगावर काढले. हे लिहिल्यावाचून मला अन्न गोड लागेना… लिहूनही लागणार नाही. डॉक्टरांनी क्षय म्हणून सांगितले, तेव्हा फार उशीर झाला होता.

माहेरी न्यायच्या दिवशी मीच तिला उचलून बैलगाडीत ठेवले. हाताला वजन लागलेच नाही. "मास्तर," ती म्हणाली, "आते खरंच लाठी शे मी." मी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली. गाडी हलली.

आईने तिची लुगडी वाटून टाकली. एक हिरवी चोळी मी ठेवून घेतली आहे. बगलेत शिवणीच्या चार ओळी आहेत, एकीच्या आत एक. चौथी अर्धीच आहे, आणि दोरा ओवलेली सुई तिथेच टोचलेली आहे.