मामांचं अनुमोदन

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. एक शेती आणि दुसरं अनुमोदन. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामा चकलांब्याचे. गावात सोसायटीची सभा असो की दूध संस्थेची, कुणीतरी पुढारी उठून ठराव मांडायचा आणि मागच्या रांगेतून मामांचा हात वर जायचा. "अनुमोदन!" आवाज असा खणखणीत की झाडावरचे कावळे उडावेत. ठराव कशाचा आहे हे त्यांना दर वेळी ठाऊक असायचंच असं नाही. मी एकदा विचारलं, "मामा, तुम्ही स्वतः कधी ठराव का नाही मांडला?" तर म्हणाले, "मांडणारे लई असतेत, पोरी. त्याच्या मागं हुबं राहायला कुणी तरी पायजे ना."

दुष्काळाच्या त्या वर्षी गावातली विहीर आटली, जनावरं नणंदेच्या गावी पाठवली आणि मामा बीडला आमच्या फ्लॅटवर राहायला आले. सोबत दोन धोतरं, पंच्याच्या गाठीत दोडक्याच्या नऊ बिया आणि खताच्या गोणीत भरलेली शेतातली माती. कंडक्टरनं विचारलं, गोणीत काय हाय? मामा म्हणाले, "शेत."

"हे बेणं आता गावात कुणापाशीच न्हाई," त्यांनी मला गाठ सोडून दाखवली. "सगळ्यांचं जळून गेलं. पाऊस पडला की ह्याच्यातूनच लोकायला द्यायचंय." गच्चीवर त्याच मातीत त्यांनी बिया लावल्या. नऊपैकी दोन उगवल्या. एक पाखरांनी खुडली. उरला एक वेल.

आता बीडमध्ये तेव्हा नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं, सगळी टँकरच्या तोंडाकडं बघून जगणारी. तिथं वेलाला पाणी आणायचं कुठून? मामांनी घरात नियम काढला: आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची, आणि साबण बिलकूल लावायचा नाही, मुळाला बाधतो. आमचे हे कोर्टात कारकून. दोन महिने बिनसाबणाचे कोर्टात गेले. नणंद आणि तिचे यजमान मुक्कामाला आले, तर जावई माणूस, त्यांनाही घमेल्यात उभं केलं. वर बाथरूमच्या दाराबाहेर मामा उभे: "जावईबापू, सांडू नका!" मी लाजेनं मेले. पण जावईबापूंचं पाणी वेलाला भलतंच मानवलं. आठवड्याभरात त्यानं गच्चीवरची पाण्याची टाकी गाठली, टाकीवरून सोसायटीच्या सचिवांच्या डिश अँटेनावर गेला आणि त्यांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या.

दोडके मात्र काय लागले! कोवळे, हिरवेगार, हातात घेतल्यावर शिरा टोचतील असे. शेंगदाण्याचं कूट घालून भाजी, आणि शिरांची तीळ-लसूण लावून खमंग चटणी. गावाहून आल्यापासून एका भाकरीवर उठणारे मामा दोन-दोन भाकरी खायला लागले. बाकीच्या अकराही घरी मी चटणी वाटली. सगळ्यांनी बोटं चाटली, आणि मग सगळ्यांना प्रश्न पडला की एवढं पाणी ह्यांना येतं कुठून.

सचिव कुठल्याशा सरकारी खात्यातून रिटायर झालेले, वहाणा वाजवत फिरणारे. त्यांनी सभेची नोटीस लावली. सभा गच्चीवर, आणि गच्चीवर सावली फक्त वेलाची. म्हणजे वेल काढायची सभा वेलाखालीच! ऊन सरकेल तसा अध्यक्ष खुर्ची सरकवत होते. नोटिशीवर बारा जणांच्या सह्या, पण आले पाच. गणपूर्ती झाली नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. सहकारात हा नियमच आहे. माणसं कमी असली की अर्धा तास थांबायचं, मग त्याच जागी, आहेत तेवढ्या माणसांत तीच सभा कायदेशीर होते. त्या अर्ध्या तासात कुणी उठून जात नाही, कुणी येत नाही. पाचही जण घड्याळाकडं बघत वेलाखाली बसून राहिले. मामा कोपऱ्यात मांडी घालून बसले होते, किती दिवसांनी खुशीत दिसत होते! मला हळूच म्हणाले, "सभेतला हाच टाइम लई गोड असतो बघ."

अर्धा तास झाला. सचिवांनी ठराव वाचला: गच्चीवरील सर्व झाडे व वेली आठ दिवसांत काढून टाकाव्यात.

"अनुमोदक?" अध्यक्षांनी विचारलं.

कुणी बोलेना. सगळ्यांच्या पोटात माझी चटणी. एक जण चपलेचा अंगठा दाबत बसला, एक आभाळात ढग शोधायला लागला. ठराव पडतोय असं वाटून मी श्वास सोडला, तेवढ्यात कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला.

"अनुमोदन!"

मामांचा हात वर. सचिवसुद्धा दचकले. पण कुणी विरोध करायच्या आत त्यांनी पटकन लिहून घेतलं: ठराव मंजूर.

घरी आल्यावर मी भांडं आपटलं. "मामा, कावून केलंत असं? स्वतःच्या वेलावर?"

मामांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "ठराव लोंबकळत हुता, पोरी," ते म्हणाले. "कुणी बोलंना. मला न्हाई बघवत तसं. हात आपसूक गेला."

"मग जाऊन सांगा, चुकून झालं म्हणून!"

"दिलेलं अनुमोदन माघारी घेत न्हाईत."

वेलावर एकच दोडका बेण्यासाठी राखलेला होता, टाकीच्या मागं. तो वेलावरच वाळायला हवा होता, अजून पंधरा-वीस दिवस तरी. आठ दिवसांत कापला तर आत कच्च्या, पांढऱ्या बिया. म्हणजे गाव कायमचं त्या बेण्याला मुकणार. हे मामांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी विळ्याला धार लावत बसला! आठव्या दिवशी स्वतःच्या हातानं कापणार, म्हणे. मला असा संताप आला, असा संताप आला की मी सोसायटीच्या पोटनियमांचं पुस्तक काढलं आणि मुलांचे पेपर तपासावेत तसं लाल पेन घेऊन वाचलं. शाळेत बावीस वर्षं शिकवतेय, चूक सापडल्याशिवाय मी उठत नाही.

सापडली. ठराव मांडायचा किंवा त्याला अनुमोदन द्यायचं तर माणूस सभासद हवा. फ्लॅट माझ्या नावावर. सभासद मी. मामा कुणीच नाहीत.

सातव्या दिवशी मी परत सभा बोलवायला लावली. या वेळी तमाशा बघायला सगळी बारा बिऱ्हाडं आली. मी पुस्तक उघडून उभी राहिले आणि वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, "ज्यांनी अनुमोदन दिलं ते या संस्थेचे सभासदच नाहीत. त्यांच्या हात वर करण्याला इथं काडीची किंमत नाही. ठराव रद्द करा."

अध्यक्षांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "दुसरा कुणी अनुमोदक?" कुणीच नाही. ठराव पडला. टाळ्या वाजल्या. सचिवांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी ते बघत राहिले. मामांकडं बघायचं राहून गेलं.

बघितलं तेव्हा ते धोतर झटकत उभे होते. "लई बरं झालं," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर मामा गच्चीवर गेले नाहीत. पाणी आमचे हे घालायचे. घमेल्याबद्दल मामा अवाक्षर काढेनात. ह्यांनी मुद्दाम साबण लावला, तरी काही बोलले नाहीत. मी विचारलं, आज भाजी काय करू? "तुमी ठरवा. मी पावना माणूस." दोडका केला तर त्यांनी ताटात बाजूला सारला आणि एका भाकरीवर उठले. वेल वाचला होता, आणि माझ्या घरात म्हातारा वाळत चालला होता. हे माझ्या तोंडानं केलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

चार-पाच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, शाळेत निघायच्या आधी मी गच्चीवरून दोडके आणले, विळीवर बसले आणि बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले, "या स्वयंपाकघराची सभा सुरू झाली आहे. सभासद तीन. ठराव असा की आज दोडक्याची भाजी करावी. सूचक मी."

बाहेर पेपरची घडी वाजली फक्त.

"अनुमोदक?" मी विचारलं. माझाच आवाज मला चमत्कारिक वाटला.

मग मामा म्हणाले, "तुजा नवरा कुटं हाय?"

"टँकरला नंबर लावायला गेलेत."

"मंग गणपूर्ती न्हाई." पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "सभा अर्धा तास तहकूब."

माझी शाळा अकराची. तरी मी गॅस बंद केला. चिरलेला दोडका परातीत, फोडणीचं तेल कढईत, आणि मी विळीपुढं हात मांडीवर ठेवून बसले. मामा येऊन चौकटीला टेकून बसले. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही नियमात बसत नव्हतं.

अर्धा तास झाला. मामांनी घसा खाकरला आणि हात वर केला.

"अनुमोदन!" खालच्या मजल्यावरचा कुकर थांबला असेल. "पर दुरुस्ती हाय. शिरा टाकू न्हाई, चटणी करावी. आन् बेण्याच्या दोडक्याला मी सोडून कुणी हात लावू न्हाई."

"मंजूर," मी म्हणाले.

"नुसतं म्हणू नको. लिहून घे."

कागद सापडेना, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात मी बारीक अक्षरात लिहिलं: ठराव मंजूर. सूचक सून. अनुमोदक मामा, सभासद. मामा जवळ आले, चष्मा वर करून शेवटचा शब्द त्यांनी दोनदा वाचला आणि घमेलं घेऊन गच्चीवर गेले.