पिवळ्या जर्सीचा आठवडा

आमच्या कुरुंद्यात फुटबॉलचा क्लब आहे असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसून घेतो. हळदीचं गाव, त्यात क्रिकेटचं वेड, इथे फुटबॉल आला कुठून? तो आला फारुकचाचांच्या वडिलांबरोबर. ते तरुणपणी हैदराबादेत कामाला होते. तिथून परतताना लोक अत्तर आणत, बायकोला बांगड्या आणत. यांनी चेंडू आणला. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण त्या चेंडूमुळे गावात 'यंग स्टार' क्लब निघाला, पुढे भांडणात मोडला, कित्येक वर्षं मैदानात शेळ्या चरल्या, आणि मग फारुकचाचांनी घरोघरी फिरून पोरं गोळा केली आणि तो पुन्हा उभा केला. म्हणून आता त्याचं नाव 'न्यू यंग स्टार' आहे.

फारुकचाचा साठी ओलांडलेले. उजवा गुडघा आखडलेला, दाढी पांढरी, आवाज मात्र असा की मैदानाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या पंचाला राग यावा. धंदा हळद शिजवायच्या कुकरचा. मोठे लोखंडी ड्रम आणि वाफेची टाकी, सगळं ट्रॅक्टरमागे जोडून शेतात न्यायचं. शेतकऱ्यानं हळद खोदून ठेवली की ड्रम भरायचे, खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वाफ सोडायची, काडी टोचून हळद शिजल्याची खात्री करायची, ड्रम रिकामे करायचे आणि पुन्हा भरायचे. कुकर एकदा पेटला की शेतातला ढीग संपेपर्यंत थांबत नाही. पहाटे सुरू झाला तर दुसरी पहाटही तिथेच उजाडते. या कामाला पायात बळ असलेली पोरं लागतात, आणि गावात तशी पोरं कोणती हे फारुकचाचांना बरोबर ठाऊक, कारण त्यांनीच ती फुटबॉलसाठी हेरलेली.

मी रत्नपाल. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. क्लबात माझं पद काही नाही. मॅचच्या दिवशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मैदानावर न्यायच्या, चाचांच्या शेजारी बसायचं आणि मॅच झाली की मळक्या जर्सींची पिशवी त्यांच्या घरी पोचवायची, एवढं माझं काम. जर्सी नजमाभाभी धुतात. आमच्या जर्सी पांढऱ्या आहेत. हळदीच्या गावात पांढऱ्या जर्सी घ्यायची अक्कल कोणाची, हे विचारू नका. ती माझीच.

आमची लीग सहा गावांची. दिवाळीनंतर सुरू करायची आणि रमजानच्या आधी संपवायची, असा ठरावच आहे. ज्याचा शेवटचा नंबर येईल त्या गावाची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला जाते, आणि बाहेर गावं टपून बसलेली आहेत. एकदा जागा गेली की आमची पोरं पांगणार हे सांगायला ज्योतिषी नको. चाचांनी एक क्लब डोळ्यांदेखत मोडताना पाहिला होता. दुसरा मोडला तर मैदानाकडे तोंड करून बसवणार नाही, असं ते मला एकदा सरळच म्हणाले होते.

आणि यंदाचा हंगाम तर असा, की देव आठवावेत. सुरुवातीला डोंगरकड्याच्या टीमला चार गोल मारले. चाचांनी मैदानाच्या कडेला बसणाऱ्या आख्ख्या लाइनीला चहा पाजला. संक्रांतीपर्यंत मॅच थोड्याच झाल्या, पण त्यांत आम्ही कोणाला भीक घातली नाही. मग एका रविवारी नरसीच्या पोरांनी आम्हाला असं तुडवलं की मध्यंतरालाच लोक घरी गेले. पुढच्या रविवारी पुन्हा जिंकलो. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा हरलो. तीच पोरं, तेच मैदान, तोच चेंडू. एका आठवड्यात वारं प्यालेल्या वासरासारखी पळायची आणि दुसऱ्या आठवड्यात पाय चिखलात रुतल्यासारखी उभी राहायची.

हरलेल्या माणसाला कारणं फार सुचतात. जिंकलो त्या दिवशी खुर्च्या लिंबाखाली होत्या, म्हणून चाचांनी त्या लिंबाखालीच ठेवायला लावल्या. तिथे हरलो. मग माझा निळा शर्ट पनवती ठरला. मी तो मैदानावर घालणं सोडलं, तरी हरलो. कुकरचा वॉल्व बिघडून काम बंद होतं त्या आठवड्यात मात्र जिंकलो. चाचा म्हणाले, बघा, मी नवी टोपी घातली व्हती. मध्ये अवकाळी पाऊस येऊन हळदीची खोदणी थांबली, त्या रविवारीही जिंकलो. तेव्हा ते म्हणाले, आमच्या पोरांना ओलं मैदान मानवतं. मी मान डोलावली. मला तरी काय कळत होतं?

पण या सगळ्यांत त्यांचा पक्का गुन्हेगार एकच होता, आमचा गोली खेमा. खेमा तांड्यावरचा. उंच, हात लांब, बोलणं कमी. दोन गोल वाचवायचा आणि तिसरा असा सोडायचा की चेंडू शेजारून गेला हे त्याला प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून कळायचं. मग चाचा खुर्चीतून अर्धे उठून आवाज द्यायचे, "खेमा, झोपला का रे!" हंगामात ही हाळी इतकी झाली की शेळ्या राखणारी पोरंसुद्धा एकमेकांना तशी हाक मारायला लागली. खेमा ऐकायचा, हातमोजा काढून डोळे चोळायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

यंदा सगळ्याच गावांचे गुण एकमेकांना चिकटून होते, त्यामुळे शेवटून दुसरी मॅच हरलो आणि आम्ही थेट तळाला गेलो. आता उरलेली एक मॅच डोंगरकड्याशी, आणि ती जिंकली नाही तर जागा गेली. मी पिशवी घेऊन चाचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बशीत चहा ओतून तसेच बसले होते. मी खेमाला बदलायचं का, असं विचारलं. तेही तोच विचार करत होते. नजमाभाभींनी पिशवी उघडली, एक जर्सी उजेडात धरली आणि त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

"भाऊ, तुमच्या दोस्ताला सांगा. जर्सी पिवळी निघते त्या आठवड्यात हे हरून येतेत. पांढरी निघते तवा जिंकून येतेत. मला मैदानावर यायची जरुरतच न्हाई."

चाचा म्हणाले, कपड्याचा आन् गोलचा काय संबंध? भाभी काही रागावल्या नाहीत. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, मग दिवस दिवस उन्हात टाकावा तेव्हा कुठे उडतो. त्या तकलीफीमुळे त्यांना प्रत्येक आठवडा आठवत होता. नरसीवाल्यांनी मारलं तेव्हा पिवळ्या. पाऊस आला तेव्हा पांढऱ्या. वॉल्व बिघडला तेव्हा पांढऱ्या. आणि सगळ्यात जास्त पिवळी कायम एकच, गोलीची. घामाबरोबर पोरांच्या अंगातून हळद उतरते, त्या म्हणाल्या, शनिवारभर आणि रात्रभर कुकरवर राबलेल्या पोरांच्या.

चाचांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, कारण त्यांचं तोंड बघवत नव्हतं. ज्याला हंगामभर गोली म्हणून शिव्या दिल्या, तोच त्यांच्या कुकरवर सगळ्यात भरवशाचा गडी होता. मॅचच्या आदल्या रात्री ड्रम रिकामे करायला त्यालाच ठेवायचे, कारण दुसऱ्या कोणावर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुकरवर गेले, मलाही बरोबर नेलं. खेमा पऱ्हाट्या सारत होता. चाचांनी त्याला बाजूला बोलावलं आणि विचारलं की बाबा, तू आतापर्यंत बोलला काहून न्हाई?

खेमानं हात पँटला पुसले. पुसून काही उपयोग नव्हता, ते पिवळेच राहिले. "चाचा, कुकरवर मुकादम तुमी आन् लाइनीवर बोंबलनार बी तुमीच," तो म्हणाला. "मी सांगू कोनाला?"

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सोपं उत्तर होतं, शनिवारी कुकर बंद ठेवायचा. पण शनिवार व्यंकटरावांना दिलेला होता. व्यंकटराव आमच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांची हळद खोदून शेतात पडलेली, आभाळ भरून येऊन राहिलेलं, आणि चाचांनी जबान दिलेली. खोदलेली हळद फार दिवस ठेवली की खराब होते, आणि दिलेली तारीख चाचांनी आजवर कोणाची चुकवली नव्हती. आम्ही व्यंकटरावांकडे गेलो. त्यांचं म्हणणं साधं होतं: हळद शनिवारीच शिजली पाहिजे आणि मॅचपण जिंकली पाहिजे. अध्यक्षांचं सगळं असंच असतं.

चाचा थोडा वेळ गुडघा चोळत बसले. मग त्यांनी लाइनीवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांची नावं घेतली, पहिलं स्वतःचं, दुसरं माझं आणि तिसरं व्यंकटरावांचं.

"तोंडानं लई खेळलो आपुन," ते म्हणाले. "आता हातानं खेळू."

शनिवारी पहाटे आम्ही सात म्हातारे, म्हणजे मी तसा म्हातारा नाही, पण त्या दिवशी झालो, व्यंकटरावांच्या शेतात हजर झालो. पोरांना चाचांनी ताकीदच दिली होती की मजुरी मिळेल पण शेतात कोणी दिसायचं नाही, घरी जाऊन झोपायचं. त्यांचा पुतण्या अबूबकर, आमचा पुढच्या फळीतला, तरीही मदतीला आला. त्याला बांधावरूनच हाकलला.

टोपलं भरून डोक्यावर घ्यायचं, शिडी चढायची, ड्रममध्ये ओतायचं. लिहायला सोपं आहे. दुसऱ्या ड्रमला माझी कंबर बोलायला लागली. व्यंकटरावांनी पांढरा पायजमा घालून यायची चूक केली होती. दुपारपर्यंत ते नवरदेव दिसायला लागले. वाफ तोंडावर यायची, डोळे चुरचुरायचे, आणि ड्रम रिकामा झाला म्हणून बसावं तर दुसरा शिजून तयार. चाचांचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून ते शिडीखाली उभे राहून टोपली वर देत राहिले. एकदा मी ऐकलं, ते स्वतःशीच म्हणत होते, हे करून पोरगं गोलात उभं राहत व्हतं. हे करून उभं राहत व्हतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचं टोपलं घेतलं.

ढीग संपला तेव्हा रविवारचं ऊन वर आलं होतं. हळद उत्तम शिजली होती. व्यंकटरावांनी काडी टोचून पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा चाचांची मजुरी कमी करायचा विषय काढला नाही.

मॅचला मी नेहमीप्रमाणे खुर्च्या लावल्या. पोरं मैदानात आली ती पांढऱ्याशुभ्र जर्सीत, ताजी, एकमेकांना ढकलत, हसत. आम्ही लाइनीवर पिवळे पडलेले. शिटी वाजली. चाचा म्हणाले, आज मी वरडनार न्हाई, नुसतं डोळे भरून बघनार. आणि डोंगरकड्यानं पहिला कॉर्नर घ्यायच्या आत त्यांची मान छातीवर आली.

मी हलवून पाहिलं. ते हूं म्हणाले आणि पुन्हा घोरायला लागले. मध्यंतरात कोणीतरी फटाका वाजवला, तरी उठले नाहीत. आणि मैदानावर काय चाललं होतं म्हणून सांगू! खेमा उजवीकडे झेपावत होता, डावीकडे झेपावत होता. एक चेंडू तर त्यानं बोटांच्या टोकानं बारवरून काढला, तेव्हा डोंगरकड्याच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. शेवटी शेवटी त्यानं लांब फेकलेला चेंडू अबूबकरनं पळत पळत घेतला आणि जाळ्यात घातला. लाइनीवर आम्ही नाचलो, म्हणजे जमेल तेवढे हललो. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. ज्या माणसानं हा क्लब मातीतून उभा केला, त्याचा या वर्षातला सगळ्यात मोठा गोल त्याच्या समोरून गेला आणि त्याला पत्ता नाही. पण मी उठवलं नाही. ती झोप त्यांनी कमावली होती.

मॅच संपली, आमची जागा राहिली. पोरं ओरडत खुर्चीकडे धावली. खेमानं सगळ्यांना हातानं थांबवलं आणि एकटा पुढे येऊन चाचांच्या समोर उकिडवा बसला. चेंडू त्यांच्या मांडीवर ठेवला. चाचा दचकले, डोळे पूर्ण उघडायच्या आत खुर्चीतून अर्धे उठले आणि सवयीनं ओरडले, "खेमा, झोपला का रे!"

सगळं मैदान हसलं. खेमा हसला नाही.

"व्हय चाचा," तो म्हणाला. "काल पोटभर झोपलो."

चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी एक बोट वर करून, एक-शून्य, आपण, असं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, मग हळद डोळ्यात गेली म्हणून पुन्हा पुसले. पोरं एकदम बोलायला लागली, गोल कसा झाला ते प्रत्येकजण वेगळंच सांगत होता, आणि चाचा प्रत्येकाचं खरं मानत होते. तेवढा वेळ त्यांनी खेमाचा हात सोडला नाही. त्या दोन हातांत या वेळी पिवळा हात त्यांचा होता.